चौसष्ट नंबरचे पाय

व्हर्नन टकेट बंदरावर दोर धरायचे. एवढंच काम, एकतीस वर्षं. जहाज धक्क्याला लागताना वरून एक पातळ दोरी फेकतात, तिच्या टोकाला मुठीएवढा गोळा बांधलेला असतो. ती झेलायची आणि ओढत राहायची. मग तिच्यामागून मांडीएवढा जाड दोर येतो, त्याचा फास लोखंडी खुंट्यात अडकवायचा. चुकलं तर दोर माणसाचा पाय घेऊन जातो. व्हर्नन यांच्या हातून कधी चुकलं नाही.

धक्क्यावरच्या आमच्या न्याहारीच्या दुकानात सकाळी साडेपाचला पहिलं गिऱ्हाईक तेच. पांढऱ्या मक्याची पेज, तिच्यावर लोणी, दोन अंडी, काळी कॉफी. टोपी टेबलावर ठेवायचे नाहीत, मांडीवर ठेवायचे. बोलणं बेताचं. मेरिट आयलंडवर आमची घरं समोरासमोर, त्यामुळे मला त्यांचं थोडं जास्त माहीत होतं.

बायको लवकर गेली. मुलगी जोलीन त्यांनी एकट्यानं वाढवली. ती नऊ वर्षांची असताना वादळात स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली. व्हर्नन नवी काच बसवत होते, पोरगी मध्ये मध्ये करत होती, म्हणून तिच्या हातात फटी बुजवायच्या लांबीचा गोळा दिला. तिनं काचेच्या कडेनं लांबी भरली, अगदी सरळ, आणि शेवटी कोपऱ्यात अंगठा दाबला.

"हे काय?"

"सही," पोरगी म्हणाली.

त्यानंतर घरात जिथे जिथे लांबी लागली, तिथे कोपऱ्यात जोलीनचा अंगठा. होडीच्या सांध्यात, न्हाणीच्या कडेला, सगळीकडे.

पुढे तिला नोकरीही त्याच कामाची लागली. केपच्या उड्डाणतळावरून उपग्रह घेऊन जी रॉकेटं जातात, त्यांचा खालचा मोठा भाग आता फुकट जात नाही. तो परत फिरतो, समुद्रात उभ्या केलेल्या सपाट बार्जवर चार पाय उघडून उतरतो, आणि तीन-चार दिवसांनी बार्ज त्याला उभ्याचा उभा बंदरात आणते. काजळीनं काळा झालेला. मग कंपनीच्या शेडमध्ये तपासणी, डागडुजी, की पुन्हा वर. त्याला आचेपासून वाचवायला बुचाच्या फळ्या चिकटवतात आणि फटींत लांबी भरतात. ते काम जोलीनचं. बाप बंदरात बार्जचा दोर धरायचा, लेक शेडमध्ये फटी बुजवायची. "आमचं कुटुंब रॉकेटचं," असं ते क्वचित कधी हसून म्हणायचे.

शेडमध्ये अंगठा वगैरे चालत नाही. तिथे प्रत्येक गोष्टीचा कागद असतो, कागदावर दोन सह्या असतात. तरी एकदा तिनं केलंच. घरी भांडी घासता घासता बापाला सांगितलं, "चौसष्ट नंबरवर आहे. तिसऱ्या पायाच्या वर, चार फळ्या मिळतात तिथे. कोणाला सांगू नका हं बाबा, नोकरी जाईल."

"मी कोणाला सांगतोय!" ते म्हणाले. आणि नाहीच सांगितलं.

चौसष्ट चार वेळा जाऊन आला होता, तेव्हा जोलीन गेली. वय एकतीस. पेट्रोल पंपावर गाडीत तेल भरता भरता खाली बसली, ती उठली नाही. डोक्यातली शीर फुटली म्हणाले.

दफनानंतर नवव्या दिवशी व्हर्नन कामावर आले. त्याच दिवशी बार्ज चौसष्टला घेऊन आली, पाचव्यांदा. त्यांनी दोरी झेलली, फास अडकवला, आणि टोपी काढून उभे राहिले.

त्यांचा कामावरचा जोडीदार डेल्मर फाटक्या तोंडाचा. तो ओरडला, "अरे म्हाताऱ्या, राष्ट्रगीत चालू झालं की काय?"

"डोकं तापलंय," व्हर्नन म्हणाले.

नंतर डेल्मरच्याच लक्षात आलं की म्हाताऱ्याचं डोकं फक्त चौसष्ट आला की तापतं. बाकी कितीही रॉकेटं येवोत, टोपी डोक्यावर. मग चेष्टेला ऊत. "आली रे तुझी नवरी! बघ, काजळ घालून आलीये!" व्हर्नन ऐकून घ्यायचे.

मला खरं कळलं ते त्यांचा ट्रक बंद पडला म्हणून. एका रविवारी मी त्यांना चर्चमधून घरी सोडत होते, तेव्हा पुलावर त्यांनी सगळं सांगितलं, आणि उतरताना म्हणाले, "मिस शैला, हे तुमच्यापाशीच राहू द्या." तेव्हापासून चौसष्ट समुद्रात असला की मी देवापुढचा दिवा जरा उशिरापर्यंत ठेवायची. रॉकेटासाठी दिवा म्हणजे वेडेपणाच, पण देवानं तो चालवून घेतला असावा.

चौसष्ट एकवीस वेळा परत आला. त्या वर्षांत रॉकेटं इतकी वाढली की आठवड्याला दोन, कधी तीन. पूर्वी एक उडायचं म्हटलं की रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून लोक बसायचे, मोटेलात जागा मिळायची नाही. आता दुकानात कप वाजले तरी कोणी मान वर करत नाही.

गेल्या ऑक्टोबरात एका सोमवारी व्हर्नन गळाला लावायची कोळंबी घ्यायला थांबले होते. समोरून पोलिसांच्या गाड्या आल्या, मागे लांबलचक ट्रेलर, त्यावर आडवा घातलेला चौसष्ट. उडायला निघाला होता. व्हर्नन कोळंबीची पिशवी घेऊन बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात पेज समोर तशीच.

"चौसष्टला पाय नाहीत," ते म्हणाले.

डेल्मर पावासारख्या मऊ बिस्किटावर ग्रेव्ही ओतत होता. "असतील की. घडी घालून असतात ना अंगाला."

"घडी मला कळत नाही होय? नाहीत. जिथे बसवतात तिथे झाकणं लावलीत."

डेल्मरचा हात थांबला. "मग निघाला तो कायमचा. कोणाचा तरी जड उपग्रह असेल, लांब न्यायचा असेल. सगळं इंधन जायलाच लागतं, यायला उरत नाही. यायचंच नाही तर पाय कशाला फुकट घालवा? काढून ठेवले." मग त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "तोंड काय असं करतोस? एकवीस फेऱ्या झाल्या त्याच्या. आपल्याला एक दोर कमी."

"डेल्मर, गप खा," मी म्हटलं.

"मी काय केलं आता? हिला पण त्याचाच कळवळा!"

गुरुवारी मार्लिस आली. ही शेडमधल्या बुचाच्या कामावरची मुख्य, जोलीनची वरिष्ठ. दफनाच्या वेळी तिच्याबद्दल चार शब्द हीच बोलली होती. दर गुरुवारी अंड्याचं सँडविच बांधून न्यायची. व्हर्नन तिच्यासाठीच थांबलेले होते, हे मला नंतर कळलं. एरवी सहाला टेबलावरून उठणारा माणूस साडेसात झाले तरी बसून होता.

"मार्लिस, पोरी, एक मागायचं होतं."

"मागा की मिस्टर व्हर्नन."

"चौसष्टच्या तिसऱ्या पायाची जागा. त्याच्या वर चार फळ्या मिळतात बघ. तिथली लांबी थोडी खरवडून देशील? नखाएवढी. शनिवारी तो जाणार, परत काही येत नाही. मग एवढ्यानं कोणाचं काय बिघडतंय?"

"पण कशाला हवी?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. पाच वर्षांत माझ्याखेरीज पहिल्यांदाच कोणाला, टोपी दोन्ही हातांत धरून.

मार्लिस आधी हसलीच. "अंगठा? लांबीत? माझ्या हाताखाली? ही पोरगी! कळलं असतं तर कान उपटला असता तिचा..." आणि बोलता बोलता ती थांबली. तिचं हसू गेलेलं मी गल्ल्यावरून पाहिलं.

"मिस्टर व्हर्नन, ती बाजू आम्ही बदलली."

"म्हणजे?"

"सगळी. सहाव्या फेरीनंतर. बुचाचा कोळसा झाला होता. जुनं काढून नवं चिकटवलं. नंतर आणखी दोनदा बदललंय."

"काढलं कोणी?"

"मीच."

"अंगठा दिसला?"

मी मनात म्हटलं, बाई, हो म्हण. एवढं एक खोटं बोल. पण मार्लिसचं सगळं आयुष्य तपासणीच्या कागदावर सह्या करण्यात गेलेलं, न पाहिलेलं पाहिलं म्हणायची तिला सवय नाही.

"काजळी होती हो. पात्यानं ढकललं की नुसता भुगा यायचा हातात. तिथे काही बघायचंय हेच मला माहीत नव्हतं."

"भुगा कुठे टाकला?"

"पिंपात. पिंपं कचऱ्याच्या ट्रकमध्ये जातात, कोको गावच्या डेपोत." तिचे डोळे भरले. "मला सांगितलं असतंत ना, मी तेवढा तुकडा कापून हातात आणून दिला असता. कोणाला कळलं पण नसतं."

"ती म्हणाली होती, सांगू नका," व्हर्नन म्हणाले.

मार्लिसचं सँडविच मी पुन्हा गरम केलं, तरी ते न घेताच गेली. व्हर्नन बोटांवर हिशेब करत होते.

"पाचवी आणि सहावी. दोनदा ती होती," ते मला म्हणाले. "पुढच्या पंधरा वेळा मी नुसत्या नळकांड्यापुढे टोपी काढली."

"तसं नाही मिस्टर व्हर्नन. देव भाव बघतो."

"देव बघत असेल," ते म्हणाले. "मी पण बघत होतो. मला वाटायचं, मी बघतोय."

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चौसष्ट गेला. खिडकीच्या काचा थरथरल्या, मांडणीवरच्या बशा वाजल्या. ओहायोचं एक जोडपं तेवढं खुर्च्या सरकवून बाहेर धावलं. व्हर्नन खिडकीकडे पाठ करून बसले होते, वळले नाहीत. बाहेरचा गडगडाट विरला, जोडपं हसत आत आलं, तरी ते भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होते. उड्डाणानंतर साडेआठ-नऊ मिनिटांत खालचा भाग बार्जवर उतरतो. तेवढी मिनिटं झाली.

"झालं," ते म्हणाले, आणि कामावर गेले. समुद्रात बार्ज उभी नव्हतीच.

सोमवारी दुसरी एक बार्ज एकाहत्तर नंबरला घेऊन येणार होती. दुपारी डेल्मर दुकानात आला, एकटाच. काही मागितलं नाही.

"म्हाताऱ्याची दोरी चुकली," तो म्हणाला. "समोरून आली, छातीवर आली, अन् यानं हातच वर केले नाहीत. पाण्यात पडली. परत फेकायला लागली त्यांना. मिस शैला, तुमची शपथ, मी एक अक्षर बोललो नाही त्याला."

संध्याकाळी मी डब्यात वरणभात घेऊन समोर गेले. माझं वरण त्यांना आवडायचं, "पिवळं सूप" म्हणायचे. दार उघडंच होतं. ते स्वयंपाकघरात खिडकीपाशी उभे होते, हातात बॅटरी. कोपऱ्याकोपऱ्यात उजेड पाडून बघत होते. खिडकी ॲल्युमिनियमची होती.

"ही नवी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "जुनी चौकट सात वर्षांपूर्वी काढली. कुजली होती. मीच उचकटली, रस्त्यावर ठेवली, पालिकेचा ट्रक घेऊन गेला. जोलीन काच धरायला इथेच होती. मला म्हणाली, अंगठा लावू का? म्हटलं, वेडी का काय, आता लांबी लागत नाही, रबराची पट्टी येते."

"न्हाणीत असेल. होडीत असेल," मी म्हटलं.

"न्हाणी मागच्या वर्षी नवी केली. होडी विकली." त्यांनी बॅटरी बंद केली. "मार्लिसचं काय चुकलं? कुजलेलं काढायलाच लागतं. मी तरी काय केलं?"

मी डबा ओट्यावर ठेवला. ते खुर्चीवर बसले.

"मिस शैला, तुमच्यात म्हणतात ना, माणूस परत येतो."

"म्हणतात."

"आणि अंग?"

"अंग नवं असतं."

"सगळं?"

"सगळं."

"मग ओळखायचं कशावरून?"

लहानपणापासून मी हे ऐकत आले, मानत आले. पण हे विचारावंसं मला कधी वाटलं नव्हतं. "भात गार होतोय," एवढंच म्हटलं, ताटली काढली, वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले, माझ्यासाठी खाल्ले.

बुधवारी पहाटे आणखी एक रॉकेट गेलं. बशा वाजल्या. साडेपाचला मी नेहमीसारखी पेज काढून त्यांच्या जागेवर झाकून ठेवली. सहा वाजले, सात वाजले. आठला डेल्मर आला आणि म्हणाला, म्हाताऱ्यानं काल साहेबाच्या टेबलावर हातमोजे ठेवले, नोकरी सोडतो म्हणाला, काही कारण दिलं नाही.

पेजेवर साय धरली होती. मी पेज पिंपात टाकली आणि वाडगा धुवायला घेतला.