पंपहाऊसला इंटरनेट आलं

पंपहाऊसमध्ये तीस वर्षं काढली की किस्से साठतातच, टाकीच्या तळाला गाळ बसतो तसे. पनवेलजवळच्या आमच्या टाकीचं पाणी कामोठ्यात घराघरांत जायचं. त्यात क्लोरीन जास्त पडलं तर पोरंबाळं आजारी पडणार. म्हणून यातले काही किस्से सांगताना मला अजून हसू येत नाही.

*

मोबाईल सगळ्यांच्या हातात आले, त्या सुमारास पंपांना कॉम्प्युटर जोडला. इंजिनिअर साहेब म्हणाले, "नाना, आता कळंबोलीच्या ऑफिसात बसून पंप चालू-बंद होणार!"

मी चौथी शिकलेला. एकच विचारलं, "तुम्हाला तिथून येता येतं, तर दुसऱ्याला का नाही?"

"पासवर्ड आहे ना!"

तो पासवर्ड त्यांनी मार्करने पॅनेलच्या दारावर लिहून ठेवला होता. मी ऑइलपेंट घेतला आणि दार रंगवून टाकलं. साहेब भडकले.

मी म्हणालो, "घराची चावी तुम्ही दारालाच टांगता का?"

*

भोईर माझा जोडीदार. पुतणीच्या हळदीची गाणी पेनड्राइव्हवर आणली आणि थेट पंपाच्या कॉम्प्युटरला लावली. दुसऱ्या गाण्याला स्क्रीन काळी! सहा तास आम्ही दोघं हाताने व्हॉल्व्ह फिरवत होतो.

"नाना, मला काय म्हाईत, गान्यात व्हायरस हाय!"

"हळद पुतणीला लाव. पंपाला नको."

*

पंपहाऊस ऑफिसला जोडणाऱ्या मोडेममध्येही सिमकार्ड असतं. भोईरचं रिचार्ज संपलं, तेव्हा त्याने ते काढून आपल्या फोनात घातलं. तिकडे ऑफिसच्या स्क्रीनवरून आमचं पंपहाऊसच गायब! जीप भरून माणसं धावत आली.

भोईर म्हणाला, "काय नाय साहेब, सासऱ्याची तब्येत इचारत होतो. बरी हाय!"

*

एकदा गळ्यात कार्ड घातलेला माणूस आला. "कंपनीकडून आलोय, मशीन अपडेट करायचंय." साहेबांचा फोन लागेना. मी गेट उघडलं नाही. दोन तास उन्हात उभा होता.

शेवटी फोन लागला. माणूस खरा निघाला.

"नाना, माफी मागा त्याची!"

"पाणी देतो," मी म्हणालो.

*

एका सकाळी साहेब आमच्याकडे आले होते. माझ्यासमोर चहा पीत होते. तेवढ्यात क्लोरीनच्या पंपाचा आवाज बदलला. सावकाश टकटक करणारा पंप एकदम घाईला आला.

"भोईर, हात लावलास?"

"नाय नाना, मी हितंच हाय."

स्क्रीनवर क्लोरीनचा आकडा चढत होता. मी तो खाली आणला. परत चढला. पुन्हा आणला. पुन्हा चढला! साहेबांनी ऑफिसला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "इथून कोणीच काही करत नाहीये."

मी मोडेमची वायर उपटली. क्लोरीनचा पंप बंद केला आणि कामोठ्याचा व्हॉल्व्ह हाताने आवळला. पाणी थांबलं, पण वाईट पाणी पुढे गेलं नाही.

बाहेरून ज्याच्या पासवर्डने कोणी कॉम्प्युटरमध्ये शिरतं, त्याचं नाव स्क्रीनवर उमटतं. भोईर वाकून वाचायला लागला. मग मान वर करून आमच्याकडे बघायला लागला.

"वाच की!"

"नाना... साहेबांचंच नाव हाय."

मी साहेबांकडे वळलो. "मग माझ्यासमोर चहा पितंय ते कोण?"