गोणपाटाखालची जुडी

सेलूची सखूबाई सेवाग्रामला भाजी विकते आणि तिच्या जिभेला सगळेच वचकून असतात. गेल्या साली मेडिकलला शिकणारी मिझोरामची रिनपुई पहिल्यांदा तिच्याकडे आली, तेव्हा तिने नेमकी अंबाडी उचलली. पोरीला ही भाजी ठाऊक नसेल असं समजून सखूबाई म्हणाली, "आंबट हाय बाई, तुले नाई जमायची."

रिनपुईने एक पान तोडून तिथंच चावलं. "हमारे घर में भी यही पकता है, मौसी," म्हणत दुसरंही तोंडात टाकलं. सखूबाई ओशाळली. तेव्हापासून अंबाडीची एक जुडी ओल्या गोणपाटाखाली रिनपुईसाठी राखलेली असते.

परवा देशकर मास्तरांनी, तिच्या जुन्या गिऱ्हाइकाने, ती जुडी पाहिली. "कोणासाठी ठेवली?"

"रिनपुईसाठी."

"ती चायनावाली?"

सखूबाईने मास्तरांच्या पिशवीतली वांगी काढून पुन्हा ढिगावर ठेवली.

"मिझोरामची हाय ते. अंबाडीवर जीव टाकते. अन् तुमी दहा वर्सं झाले, अंबाडी पाह्यली का नाक मुरडता. आता सांगा मास्तर, परदेशी कोण?"