चेलोचा न वाजलेला सूर

वेलिंग्टनला आमच्या उतारावर, दोन घरं सोडून, एक वयस्कर स्विस संगीतकार राहतात. तरुणपणी त्यांच्या रचना तिकडच्या मोठ्या सभागृहांत वाजत. मग इथल्या एका बाईंशी लग्न करून ते न्यूझीलंडला आले आणि पोटासाठी मुलांना पियानो शिकवत राहिले. "तिकडच्यांना वाटतं मी मेलो, इकडच्यांना वाटतं मी पियानोचा मास्तर," असं म्हणायचे. सकाळी पेन्सिलीने लिहायचे, दुपारी त्यातलं बरंचसं खोडायचे.

मी सरकारी खात्यात आयटीत आहे. त्यांचा प्रिंटर सुरू करून द्यायला गेलो आणि जात राहिलो. त्यांचं संगीत मला कळत नव्हतं. पण पुण्यात मैफिली ऐकत वाढलेला माणूस म्हणून त्यांना माझं कौतुक होतं आणि ते मला सोडवत नव्हतं. ते पियानोवर एखादी ओळ वाजवून माझ्याकडे बघत. मी डोळे मिटून मान हलवायचो.

"कळतं का रे तुला त्यातलं काही?" बायको विचारायची. "की नुसताच नंदीबैल?"

गेल्या वर्षी एका चर्चमध्ये त्यांची नवी रचना वाजणार होती. दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो. रेकॉर्डिंगही होणार होतं. शेवटी चारही वाद्यं थांबतात, बराच वेळ शांतता असते आणि मग चेलोचा एकच खालचा सूर येतो. त्यांची वारलेली बायको भांडी विसळताना तो सूर गुणगुणायची. "बाकी सगळं त्या सुरासाठी लिहिलंय," त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

मी इथल्या मराठी मंडळातल्या चार-पाच जणांना घेऊन गेलो. माझी ओळख कुठवर आहे ते त्यांना दाखवायचं होतं. ते बिचारे कंटाळले. वाद्यं थांबली तेव्हा शेजारचा कुजबुजला, "संपलं का रे? पार्किंगची वेळ संपत आली." मला लाज वाटली, त्याची आणि त्या म्हाताऱ्याचीही. यात काहीतरी थोर आहे आणि ते मला कळलंय, हे या लोकांना दिसायला हवं होतं. पुण्यात पहिल्या रांगेतले जाणकार करतात तसा मी हात उचलला आणि मोठ्याने म्हणालो, "वा!"

मंडळींनी टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्या चर्चने. चेलोवाल्या बाईंनी तारेवर टेकवलेला गज खाली घेतला.

परतताना गाडीत संगीतकारांनी विचारलं, "अजून एक सूर होता. तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मग?"

"राहवलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. मग डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे न वाजताच तो तुम्हाला ऐकू आला. मग वाजवायचा कशाला?"

चेलोवाल्या बाई शेवट पुन्हा रेकॉर्ड करू म्हणत होत्या. पण संगीतकारांनी करू दिला नाही. पुढच्याच आठवड्यात माझ्यासमोर त्यांनी तो सूर खोडला. त्यांच्या हातातली पेन्सिल मला दिसत होती. खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "कॉफी करू का?"

या हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आता ते बोलत नाहीत, माणसं ओळखत नाहीत. परवा चेलोवाल्या बाईंचा फोन आला. ऑकलंडला ती रचना पुन्हा वाजवायची आहे. "तो सूर का खोडला ते मला अजून समजत नाही. मी तो वाजवू का? त्यांना तुमच्याइतकं कुणीच ओळखत नाही, म्हणून तुम्हाला विचारते."

बायको समोर भाजी चिरत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"नको," मी म्हणालो. "त्यांनी विचार करूनच खोडलाय."

बाईंनी माझे आभार मानले.