तळव्यावरची तीट

त्या बाईला पाहिलं की माझ्या पोटात दुखायचं, हे आधीच सांगून टाकते.

जपानमध्ये, टोकियोजवळच्या इचिकावात आम्हाला भाड्याने घर मिळत नव्हतं. एका एजंटाने आमच्यादेखत मालकाला फोन लावला, "भारतीय आहेत" म्हणाला आणि आमच्याकडे बघून मान हलवली. मी काय केलं? कमरेत वाकले, 'सुमिमासेन' म्हणून माफी मागितली, जणू चूक माझीच, आणि बाहेर आले. सोळा वर्षांची लेक शेजारीच उभी होती. दोन दिवसांनी ती या बाईला घेऊन त्याच एजंटाकडे गेली. बाई परदेशी लोकांच्या हक्कांसाठी भांडणारी, टीव्हीवर दिसणारी. वडील जपानी, आई मुंबईची, ती हिच्या लहानपणीच वारली, असं सांगायची. तीन तास तिने खुर्ची सोडली नाही म्हणे. घर मिळालं.

उपकार मानायचे सोडून मी जळायला लागले. कारण लेक! शाळेत डब्यातली भाजी कुणाला दिसू नये म्हणून जी झाकण अर्धंच उघडायची, माझ्या मराठीला जपानीत उत्तर द्यायची, तीच आता स्टेशनबाहेर बाईबरोबर पत्रकं वाटत 'मी भारतीय' म्हणून सांगत होती. इतकी वर्षं घसा कोरडा केला मी, आणि श्रेय कुणाला? जेवताना रोज तिचंच पुराण. मी पोळी तव्यावर आपटायचे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लेकीच्या हट्टापायी तिला बोलावलं. लेक क्लासला गेलेली. गप्पांच्या ओघात मी सांगितलं, की लेक तान्ही असताना मी तिच्या गालाला काजळाची तीट लावायचे आणि पाळणाघरातली बाई रोज ती ओल्या फडक्याने पुसायची. तिला तो मळ वाटायचा. मग मी तीट पायाच्या तळव्याला लावून वर मोजा चढवायला लागले. बघू दे म्हटलं आता कशी पुसते! बायका खो खो हसल्या. ही मात्र हसली नाही, भरल्या डोळ्यांनी ऐकत राहिली. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला बरं वाटलं.

वसंतात तिचं मोठं भाषण झालं. लेकीने मला ओढतच नेलं. आणि बाई म्हणते काय, "माझी आई माझ्या तळव्याला काजळ लावायची आणि वर मोजा चढवायची." ओल्या फडक्यासकट सगळं! आयत्या बिळावर नागोबा. सभागृह रडलं. माझी लेकही रडली. अगं, तो पाय तुझा! लेकीला मी हे कधीतरी सांगितलं होतं, तेव्हा मोबाईलवरून नजर न काढता "हं" म्हणाली होती.

घरी येऊन मी त्या भाषणाच्या व्हिडिओखाली लिहिलं, की ही आठवण माझी आहे, हिची नाही. हिची आई खरंच मुंबईची होती का, विचारा.

लोकांनी विचारलं. सेंदाई शहरातली तिची एक वर्गमैत्रीण पुढे आली. आई-वडील दोघंही जपानी, आई ठणठणीत. मग काय, रोज टीव्हीवर तेच. कुणी म्हणे खोटारडी, कुणी म्हणे काम तर खरं होतं ना. बाई कॅमेऱ्यांसमोर बराच वेळ वाकून उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिचं ऑफिस बंद झालं. मला उकळ्या फुटत होत्या. आता लेक माझ्याकडे येईल, याची मी वाट बघत होते.

आली. मी मटार सोलत होते. तिने माझी कमेंट वाचली होती.

"ती खोटं बोलली," लेक म्हणाली. चक्क मराठीत, एकेक शब्द जुळवत. "मला तिचा खूप राग आलाय."

"येणारच गं, बाळा."

"पण तू तर खरी आहेस ना, आई?"

"म्हणजे काय!"

"मग त्या दिवशी तू का नाही बसलीस त्या एजंटाकडे?"

मी पुढची शेंग सोलायला घेतली. लेक उत्तरासाठी थांबली होती. ज्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी उभ्या होतो, तेही त्याच बाईने तीन तास बसून मिळवलेलं होतं.