कप उचलण्याची घाई

ऑफिसात तिला सगळे ‘आवराआवर बाई’ म्हणत, आणि तो टोमणा नव्हता, हुद्दाच होता. संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एकाच जागेतली माहिती अनेक कामं एकाच वेळी वापरत असतात. किती जणांनी ती धरलीय याचा आकडा ठेवायचा आणि शेवटच्याने हात सोडला की जागा मोकळी करायची. ते मोकळं करणं हिच्याकडे. कुणी धरलेली जागा मोकळी झाली की यंत्र कोलमडतं.

आठवडाभर ते कोलमडत होतं. तिने सगळ्यांसमोर दाढीवाल्या सहकाऱ्याच्या कोडवर बोट ठेवलं आणि त्याचं वर्षभराचं काम दुसऱ्या दिवशी दुपारच्या बैठकीत नव्या आवृत्तीतून वगळायचं ठरलं. ‘हा विषय मी कोळून प्यायलेय,’ असंही ती वर म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी घरी टेबलावर नवऱ्याचा कप होता, रिकामा. तेवढं बघून ती नळ सोडायला वळली, मागे हात करून कप उचलला आणि सिंकमध्ये उपडा केला. वर्तमानपत्राआडून नवऱ्याचा हात आला, टेबल चाचपडून तसाच परत गेला.

“अहो वहिनी, दादाला आत्ता दुसरा चहा ओतला होता मी,” नणंद म्हणाली.

“मी बघितलं तेव्हा रिकामा होता.”

“बघितलंत तेव्हा. उचललात केव्हा?”

“हिने एकदा बघितलं की पुढे जग जागच्या जागी थांबतं,” सासूबाई म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून असंच आहे.”

ती हातात कप धरून उभीच राहिली. तिचं स्वतःचं कोड हेच करत होतं: एका ओळीत आकडा बघायचा, पुढच्या ओळीत जागा मोकळी. त्या दोन ओळींच्या फटीत दुसरं कुणी येऊन ती धरत होतं. आकडा उतरवणं आणि तो शून्य झाला का हे कळणं एकाच झटक्यात व्हायला हवं, आणि शून्य झालेल्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. हे ती नवशिक्यांना टेबलावर बोट आपटून शिकवायची. स्वतः मात्र वाचायला बरं दिसतं म्हणून दोन ओळी केल्या होत्या.

बैठक सुरू व्हायच्या आधी तिने दाढीवाल्याला गाठलं. “तुझं कोड ठीक आहे. घोळ माझा आहे.”

“हे सगळ्यांसमोर सांगाल?”

“खापर सगळ्यांसमोरच फोडलं होतं ना? मग.”

तिने सांगितलं. त्याचं काम राहिलं, तिच्या दोन ओळींची एक झाली. बोलता बोलता तिचा हात सवयीने त्याच्या कपाकडे गेला.

त्याने कपावर तळवा ठेवला. “अजून धरलाय मी, बाई.”