हळदीकुंकवाचं अत्तर
कोणी अत्तर पुढे केलं की आजही माझा हात मागे जातो. लालबागला आमच्या चाळीत संक्रांतीचं हळदीकुंकू असायचं. आई कुंकू लावायची आणि आलेल्या बायकांच्या हाताला अत्तर लावायचं काम माझं. मी बारा वर्षांची होते. त्या वर्षी काळाचौकीहून माझी आत्या आली, बाही वर सारून तिने हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत मसुराएवढ्या तांबूस गाठी. चाळीतल्या मैत्रिणी बघत होत्या. मी गुलाबदाणी उचलली, लांबूनच तिच्यावर गुलाबपाणी शिंपडलं आणि पुढच्या बाईचा हात धरला. आत्याचा हात थोडा वेळ तसाच राहिला. आईने माझ्याकडे डोळे वटारले, तशी आत्याच म्हणाली, "ऱ्हवांदे गो, माका वास सोसत नाय." खोटं होतं ते, तिच्या वेणीत मोगऱ्याचा गजरा होता. गेल्या महिन्यात माझ्या मूत्रपिंडात दुर्मीळ गाठ निघाली. परळच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर आमच्या घराण्याची वंशावळ काढली. म्हणाल्या, "असल्या गाठी आणि अंगावरच्या काही गाठी एकाच जनुकामुळे येऊ शकतात. घरात कोणाला होत्या?" मी सांगितलं, आत्याला, ती आता नाही. "हाताला कशा लागायच्या? मऊ की टणक?" माहीत नाही, मी म्हटलं. बाईंना वाटलं, मी विसरले असेन.