हीटरवरचं दही
प्रवासाने माणसाची दृष्टी विशाल होते, असं आमच्या भोरमध्ये परदेशी जाऊन आलेला प्रत्येकजण सांगतो. आम्ही दोघं युरोपातल्या एका शहरात ऐन जानेवारीत गेलो, कारण शहाणी माणसं तेव्हा जात नाहीत आणि तिकिटं स्वस्त असतात. पावाला कंटाळून बायकोने जेवणच सोडलं.

"दहीभात न्हाई मिळाला तर मी परत निघाले," ती म्हणाली.

तिच्या माहेरचा उत्रोलीचा तांदूळ बॅगेत होता, खोलीत शेगडीही होती. पण दुकानातलं दही स्ट्रॉबेरीचं निघालं. तेव्हा तिने कोमट दुधात विरजण म्हणून मिरचीची देठं टाकली, पातेलं माझ्या कानटोपीत गुंडाळलं आणि खोलीतल्या हीटरवर ठेवलं.

"आणि माझे कान?"

"ते काय नासणारेत व्हय?"

सकाळी दही छान लागलं होतं. ती दोनदा भात घेऊन जेवली आणि म्हणाली, "चला, दावा तुमचं शहर." दिवसभर ती बर्फात पोरीसारखी हिंडली. टोपीत उद्याचं दही लागत होतं, म्हणून मी उघड्या कानांनी तिच्यामागे.

दृष्टीचं अजून काही सांगता येत नाही. डाव्या कानाला मात्र दडे बसले.